पाऊल उचलत नाही म्हणून

‘नॉर्मल’ हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. आठ महिने मी तो शब्द ऐकला. रक्त नॉर्मल, साखर नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. आणि हे सगळे नॉर्मल कागद प्लास्टिकच्या फाइलीत घालून मी दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागलो की उजव्या पायाचा अंगठा पायरीला अडकायचा आणि मी फाइलीसकट तोंडावर पडता पडता वाचायचो. वर बसलेल्या डॉक्टरला ते कधी दिसलं नाही. त्याला फक्त फाइल दिसायची.

मी बस चालवतो. ऊर्जानगरच्या वसाहतीतल्या माणसांना वीज केंद्रात पाळीवर न्यायचं आणि पाळी सुटली की परत आणायचं. बस ठेकेदाराची, मीही ठेकेदाराचा. वसाहतीबाहेर भाड्याच्या दोन खोल्या, बायको, आणि गावी, पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून, आई आणि धानाचा एक तुकडा. एवढाच माझा पसारा. ड्रायव्हरचा डावा पाय क्लचवर असतो आणि उजव्या पायाला दोन घरं असतात, अॅक्सिलरेटर आणि ब्रेक. एका घरातून दुसऱ्या घरात जायला पाऊल वरच्या बाजूला उचलावं लागतं. बारा वर्षं मी ते उचललं आणि आपण काही उचलतो हे मला कधी कळलं नाही.

मे महिन्यात दरवर्षीसारखी पंधरा दिवसांची सुट्टी काढून मी गावी गेलो होतो. परत आलो आणि जून लागता लागता पाय बिघडला. दुखत नव्हता, सुजला नव्हता. गुडघा वाकायचा, टाच टेकायची, पायाने जमीन दाबायलाही जोर होता. फक्त पाऊल वर उचला म्हटलं की ते ऐकायचं नाही. अंगठ्याच्या मागच्या भागात कोणी चिमटा काढला तर जाड मोज्यावरून काढल्यासारखा लागायचा. चहाच्या टपरीवर जाताना मी चार पावलं पुढे आणि चप्पल मागे, असं झालं. टपरीवरचे हसले, मीही हसलो.

बायकोने एका संध्याकाळी मला अंगणातून येताना पाहिलं आणि म्हणाली, "तुमी त हुबेहूब मायसारखे चालून राह्यले."

आम्ही दोघं त्यावर मनसोक्त हसलो, कारण ते अगदी खरं होतं. माझ्या आईची चाल सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती गुडघा जरा जास्त वर घेते आणि पाऊल फट् करून खाली टाकते. लहानपणी आम्ही पोरं काही उद्योग करत बसलेलो असलो आणि बोळातून फट्, फट् ऐकू आलं की पळायचो. कोणाचा आवाज बसका असतो, कोणाचं हसणं मोठं असतं, तशी आईची ती चाल. पोरगा उशिरा का होईना आईवर गेला, असं आम्ही ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात आई आली. दारात चप्पल काढताना तिने माझी चप्पल उलटसुलट करून पाहिली. अंगठ्याकडचं टोक घासून पातळ झालं होतं. तिने ती तशीच दारात ठेवली. दुपारी पाळीवरून येऊन मी जरा पडलो आणि उठून पाहतो तर माझ्या चपलेला मागून सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवलेली, टाचेला धरून ठेवायला, जशी तिच्या चपलेला असते. तिच्या चपलेला ती पट्टी मी कळायला लागल्यापासून पाहतो आहे. आई काही फेकून देत नाही, तिची काटकसर, असंच मी समजत होतो.

"आता नाई निसटणार," ती म्हणाली.

मला राग आला. मी गाडीचा ड्रायव्हर, वरून ठेकेदाराने दिलेला निळा शर्ट आणि खाली ट्यूबची पट्टी. पण चप्पल खरंच निसटत नव्हती, म्हणून घालत राहिलो.

मग जुलैतली ती सकाळ. पहिल्या पाळीची माणसं घेऊन निघालो होतो. वळणावर समोर एक मोटरसायकल आली. मी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि ब्रेककडे नेला, पण पाऊल उचललंच गेलं नाही, अंगठा ब्रेकच्या खाली जाऊन अडकला. मी हाताने गुडघा धरून पाय ओढला आणि ब्रेकवर आपटला. बस थांबली तेव्हा मोटरसायकल आणि बस यांच्यात वीतभर जागा होती. मोटरसायकलवाल्याने मला जे सुनवायचं ते सुनवलं आणि गेला. मागे कोणीतरी विचारलं, "काय झालं, भाऊ?" मी काही झालं नाही म्हणालो. पुन्हा निघताना गिअर तीनदा चुकला.

माणसं उतरवून मी सरळ सुपरवायझरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मागे चाळीस माणसं बसलेली असताना मी उजव्या पायाशी लपाछपी खेळणार नव्हतो. तो माणूस वाईट नाही. म्हणाला, "पाय बरा झाल्याचा डॉक्टरचा कागद आण, गाडी तुझीच. पण मी किती दिवस थांबवून ठेवू शकतो, ते मले नाई सांगता येत." तोपर्यंत मला बस धुवायला लावलं. ज्या बसच्या स्टेअरिंगवर बारा वर्षं बसलो तिच्या चाकांवर पाण्याचा पाइप मारत मी उभा राहायचो आणि नवीन आलेला पोरगेला ड्रायव्हर माझी सीट पुढे सरकवून बसायचा. संध्याकाळी मी सीट पुन्हा मागे सरकवून ठेवायचो. हा चिल्लरपणा होता, मला कबूल आहे.

आता डॉक्टरांची गोष्ट. पहिल्याने ताकदीची इंजेक्शनं दिली. लाल रंगाची, एक दिवसाआड. पाय तसाच. दुसरा हाडांचा. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"ड्रायव्हर."

हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा खुलला. उत्तर सापडलेल्या माणसाचा चेहरा. "मग कंबरच," तो म्हणाला. मी म्हटलं, कंबर दुखत नाही. तो म्हणाला, दुखेल. कमरेला पट्टा दिला. पट्टा लावून बस धुवायची म्हणजे काय, हे त्याने एकदा करून पाहावं. महिन्याने कमरेचा एमआरआय काढायला लावला. त्या नळकांड्यात मी अर्धा तास पडून होतो. रिपोर्टात लिहून आलं की एक चकती किंचित सरकल्यासारखी वाटते, वयोमानानुसार. माझं वय अडतीस. मी विचारलं, मग त्या चकतीमुळे पाय असा झाला का? तो म्हणाला, तसं नक्की म्हणता येणार नाही. मग नाही का? तसंही म्हणता येणार नाही. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

प्रत्येक ठिकाणी दुसरा एक प्रश्न ठरलेला होता. "घरात आणखी कोणाला असा त्रास?" मी म्हणायचो, नाही. पेन कागदावर तसं लिहून पुढे जायचं.

सप्टेंबरात कुष्ठरोग तपासणारा आरोग्य कर्मचारी घरी आला. पायावर बधिर भाग आहे म्हटल्यावर आमच्या भागात ही शंका आधी येते आणि ती यायलाच हवी. हा रोग औषधाने बरा होतो, लपवू नये, हे मी बसच्या मागे चिकटवलेल्या कागदावर इतक्यांदा वाचलं होतं की पाठ झालं होतं. पण तो माणूस माझ्या पावलावर दोरा फिरवून ‘लागते का, लागते का’ विचारत होता आणि शेजारची बाई पाण्याची गुंडी कमरेवर घेऊन तशीच उभी राहून पाहत होती, तेव्हा पाठ केलेलं काही कामाला आलं नाही. मी तिच्यावर उगाच ओरडलो. दुसऱ्या दिवसापासून ती नळावर आमचं भांडं भरेपर्यंत लांब थांबू लागली.

त्या कर्मचाऱ्याने काम मात्र मन लावून केलं. त्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे एक हाड बोराएवढं वर येतं, तिथे अंगठा दाबून शीर चाचपली. जाड झालेली आहे का पाहत होता. नव्हती. "हे नाई तुमाले," तो म्हणाला, कागदावर फुली मारली आणि गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याचा अंगठा बरोब्बर जागेवर होता, हे कळायला मला आणखी चार महिने लागले.

शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या एकाने नागपूरची चिठ्ठी दिली. मज्जातंतू आणि स्नायूंची तपासणी. पायाला बारीक बारीक करंट देतात आणि तो शिरेतून किती वेगाने धावतो ते मशीन मोजतं, मग स्नायूत सुई घालून त्याचा आवाज ऐकतात, असं त्याने सांगितलं. डिसेंबरातली तारीख मिळाली.

करंट हा शब्द आईच्या कानावर गेला आणि ती आदल्या दिवशी गावाहून येऊन धडकली. तिच्यासोबत बाटलीत मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल. थंडीत ते तुपासारखं थिजतं. तिने ते चुलीजवळ धरून पातळ केलं आणि दोन्ही पाय मांडीपासून बोटांपर्यंत रगडले. मोठ्या डॉक्टरकडे कोरड्या पायाने जायचं नाही. पाय दाखवायचा आहे तर पाय बरा दिसला पाहिजे, त्यात करंट देणार, म्हणजे कातडी राखायला हवी. तिच्या हिशोबात काहीच चुकत नव्हतं. मलाही बरं वाटलं. पहाटे आम्ही दोघं निघण्याआधी तिने आणखी एक हात फिरवला.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं की तपासणीच्या दिवशी अंगाला तेल किंवा मलम लावू नये. चिठ्ठी मी उलटून पाहिली नव्हती.

नागपुरात नंबर यायला साडेअकरा वाजले. मशीनवाल्याने माझ्या पावलावर चिकटपट्टीची तार लावली, ती गळून पडली. पुन्हा लावली, पुन्हा गळाली. त्याने बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तळलेलं काहीतरी खाऊन त्याच्या मशीनला हात पुसले आहेत.

"भाऊ, हे काय लावून आले?"

"मोहाचं तेल."

"मशीनले भजे तळाचे आहेत का?"

त्याने स्पिरिटचे चार बोळे संपवले. रात्रभर मुरवलेलं तेल बोळ्याने जात नाही. म्हणाला, नळावर जाऊन साबणाने धुऊन या. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. डिसेंबरचं पाणी. मी पँट मांडीपर्यंत गुंडाळून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, कपड्याच्या साबणाने पाय घासला, आई पदराने पुसत होती. परत आलो. आता तार चिकटली. त्याने पायाला हात लावला आणि काढून घेतला. पाय बर्फासारखा झाला होता. गार पायात करंट हळू धावतो, रिपोर्ट चुकीचा येईल, म्हणाला. पाय गरम व्हायला वेळ लागेल, आणि एकला खोली बंद. बाहेर आणखी सहा जण होते.

मला जानेवारीच्या शेवटची तारीख मिळाली.

परतीच्या एसटीत मी आईकडे पाठ करून बसलो. ती खिडकीबाहेर पाहत होती. वरोऱ्याच्या आसपास ती म्हणाली, "तेलानं नुकसान नाई होत."

"झालं ना," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की पुढच्या बाकावरच्याने वळून पाहिलं. "सव्वा महिना गेला माहा. तो पोट्टा गाडी चालवून राह्यला तिकडं, मी चाकं धुऊन राह्यलो. तुले कोणी सांगतलं होतं तेल लावाले?"

ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. मला त्या बोलण्याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

जानेवारीत मी तिला येऊ नको म्हणून निरोप पाठवला होता. ती आलीच. बाटली आणली नव्हती, हे तिने पिशवी उघडून मला आधीच दाखवलं. मी पाय तीनदा साबणाने धुतला, मग लोकरीचे दोन मोजे चढवले आणि एसटीत वरून शाल गुंडाळली. सुपरवायझरने आदल्या दिवशी सांगितलं होतं की ठेकेदाराला महिनाअखेरीपर्यंत एक नाव पक्कं करायचं आहे. माझं किंवा त्या पोराचं.

या वेळी मशीनवर एक तरुण डॉक्टरीण होती. आईला तिने कोपऱ्यातल्या बाकावर बसू दिलं. तिने पायावर तारा लावल्या आणि घोट्यापाशी करंट दिला. पायाची बोटं आपोआप हलली. मग गुडघ्याखाली दिला, पुन्हा हलली. मग चार बोटं वर, त्या बोराएवढ्या हाडाच्या वरच्या अंगाला दिला. बोटं जवळजवळ हललीच नाहीत. तिने पुन्हा दिला. खाली, वर. खाली, वर. मी दात आवळून पडलो होतो. ती पहिल्यांदाच फाइलीकडे नव्हे, माझ्या पायाकडे पाहत होती.

"इथे अडलंय," तिने त्या हाडावर बोट ठेवलं. "कमरेत नाही. शीर इथे हाडावरून अगदी कातडीखालून जाते. ती दाबली गेली आहे. पायावर पाय टाकून खूप वेळ बसता?"

"नाही. ड्रायव्हर आहे मी."

"कधी गुडघ्याला प्लॅस्टर होतं?"

"नाही."

"उकिडवं बसून काही काम करता, तासन् तास?"

"नाही मॅडम. मी दिवसभर सीटवर असतो."

कोपऱ्यातून आई म्हणाली, "तेंदूपत्ता."

डॉक्टरीणबाईने मान वळवली.

"मे महिन्यात येते ना हा दरसाल," आई सांगू लागली. "पहाटे जंगलातून विडीची पानं तोडून आणतो आमी. मंग घरी बसून पुडे बांधतो, सत्तर पानाचा एक. सांजच्या आत खरेदीच्या फळीवर न्या लागते, तिथी मोजून घेतात. उठाले टाइम नाई रायत."

"बसता कसं?"

आई बाकावरून उतरली आणि त्या खोलीत, फरशीवर, दोन पायांवर उकिडवी बसून दाखवू लागली. "हे अशी. मांडी घातली त पानं मांडीखाली चुरतात. असं बसलं की चारी बाजूचे ढीग हाताशी येतात."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सुट्टीच्या अर्जात मी दरवर्षी ‘घरगुती काम’ लिहितो. पानं तोडायला जातो असं लिहिलं तर नोकरीवाला माणूस मजुरीला जातो म्हणतील. पण ते कारण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं की, माझ्या डोक्यात ते काम नव्हतंच. तेंदू हा हंगाम असतो. मोहफुलं वेचायची तशी पानं तोडायची. कोणी ‘काम काय करता’ विचारलं तर आमच्या भागातला एकही माणूस हे सांगणार नाही. आठ महिने मी डॉक्टर लोकांना शिव्या घातल्या की हे विचारत नाहीत. हिने विचारलं, आणि मी तोंडावर ‘नाही’ म्हणालो.

मग सुईची पाळी. आधी तिने चांगल्या पायात, नडगीच्या बाजूच्या स्नायूत, बारीक सुई घातली आणि म्हणाली, पाऊल वर उचला. मशीनच्या स्पीकरमधून तडतडाट झाला, कढईत मूठभर मोहरी टाकल्यासारखा. मग उजव्यात. उचला. मी सगळा जीव लावला. आधी काही नाही. मग एक, दोन. थांबून आणखी तीन. जाड जाड, सुटे.

"हे छान आहे," ती म्हणाली.

"हे छान?" मी जवळपास ओरडलोच.

"आवाज येतोय म्हणजे तार तुटलेली नाही. जे तंतू वाचले ते मेलेल्यांचं काम उचलताहेत. पायाला आधाराची पट्टी देते, व्यायाम देते. उकिडवं बसायचं नाही. काही महिन्यांत येईल पाय. तसं लिहून देते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला नॉर्मल नाही असं सांगितलं होतं.

माझा पाय परत आला, हे इथेच सांगून टाकतो. त्या कागदावर ठेकेदाराने मुदत वाढवून दिली आणि जुलैत मी पुन्हा स्टेअरिंगवर बसलो. पण मला सांगायचं आहे ते त्या खोलीतलं पुढचं.

आई उठून पाण्याची बाटली द्यायला माझ्याकडे आली. चार पावलं. फट्, फट्, फट्, फट्. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबली.

"आजी, पुन्हा एकदा चाला बरं."

आई चालली. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि तो आवाज मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला. डॉक्टरीणबाईने माझ्या फाइलीचं पहिलं पान उघडलं. घरात आणखी कोणाला असा त्रास? नाही. प्रत्येक दवाखान्याच्या कागदावर, माझ्या तोंडून, नाही.

"कधीपासून असं चालतात या?"

मी टेबलावरून खाली उतरलो. तिने माझी जागा पुसली आणि आईला वर झोपवलं. काही घराण्यांत शिरा दाबाला नाजूक असतात, एकदा पाहून घेऊ, असं काहीतरी ती म्हणत होती. आईचा पाय मी प्रथमच इतक्या जवळून पाहिला. नडगीच्या बाजूला जिथे मांस असतं तिथे खळगा होता. करंट दिला. बोटं हलली नाहीत. खाली दिला, वर दिला, जास्त दिला. आई छताकडे पाहत होती. मग सुई घातली.

"आजी, पाऊल वर उचला."

"उचलून राह्यली ना."

मशीनमधून काही आलं नाही. डॉक्टरीणबाईने सुई थोडी फिरवली, आवाजाचं बटण मोठं केलं. नुसती घरघर. एकही मोहरी फुटली नाही.

"बंद पडली का जी?" आईने विचारलं.

"मशीन सुरू आहे, आजी."

आईने पाऊल उचलायचा आणखी एकदा जोर केला. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "तुह्यात वाजलं. माह्यात काऊन नाई वाजलं?"

डॉक्टरीणबाईने सुई काढून कापूस दाबून धरला. इथे आता काही उरलेलं नाही, खूप वर्षं झाली, असं तिने मला हळू आवाजात सांगितलं. आई बहिरी नाही, तिने ऐकलं. ती उठून बसली आणि चप्पल शोधू लागली. मी खाली बसून तिच्या उजव्या पायात चप्पल चढवली आणि ट्यूबची पट्टी टाचेमागे नेली. पट्टी गुळगुळीत झाली होती, दोन ठिकाणी पुन्हा शिवलेली होती. माझ्या पायात तशीच पट्टी होती. जूनमध्ये तिने माझी झिजलेली चप्पल एकदाच पाहिली होती आणि तिला सगळं कळलं होतं. कोणत्याही डॉक्टरच्या आधी.

"केव्हापासून हाय, माय?"

"तू रांगत होता. तेंदूचाच हंगाम होता."

"सांगतलं काऊन नाई कोणाले?"

"दुखे नाई ना," ती म्हणाली. "दुखलं असतं त सांगतलं असतं."

मग तिने माझी फाइल उचलून स्वतःच्या पिशवीत घातली, मी सांभाळेन की नाही याचा तिला भरवसा नव्हता, आणि आम्ही दोघं व्हरांड्यातून फट्, फट् करत एसटी स्टँडकडे निघालो.